अक्कांचे अठ्ठेचाळीस सेकंद

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी एकदा सांगायला लागले की मध्ये थांबत नाही. चार रात्री झोपले नाही मी. चार! आणि कशापायी? अठ्ठेचाळीस सेकंदांच्या एका व्हॉइस मेसेजपायी, जो मी ऐकलाच नव्हता.

ऐकला असता तर पहिल्याच रात्री घोरत पडले असते. पण एवढी साधी गोष्ट कळायला एम.एस्सी. फिजिक्स उपयोगी पडत नाही. उलट नडतं. कसं नडतं, तेच सांगते.

आम्ही फैजपूरला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सात वर्षांची ओवी. यांची बँकेत नोकरी. बदली झाली म्हणून धुळ्याहून इकडे आलो, आणि पडदे लावून होतायत तोवर यांची पुन्हा बदली, नंदुरबारला. पोरीची शाळा अर्ध्यात कशी मोडायची? म्हणून ते तिकडे, आम्ही इकडे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नवरा प्रत्यक्ष मिळतो, बाकीचे दिवस फोनवर.

घर गावाच्या पार टोकाला. खाली केळी पिकवायचं चेंबर, वर आमच्या दोन खोल्या. समोर केळीची बाग, मागे केळीची बाग, डावीकडे पण तीच. म्हणजे शेजारीण म्हणून जे काही होतं ते केळीचं खोडच. चुगल्या करत नाही, साखर मागत नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं. दोन महिन्यांनी मीच गॅलरीत उभी राहून त्यांना विचारायला लागले, "काय मग, आज पाणी सोडलं का तुम्हाला?"

हसू नका. तुम्हीही विचारलं असतं.

घराचे आणि चेंबरचे मालक नाना. सत्तरीचे, पांढरा शर्ट-पायजमा, टोपी. राहतात चार किलोमीटरवर मळ्यात, पण रोज सकाळी आठ वाजता आपल्या छोट्या हत्तीतून येतात. छोटा हत्ती म्हणजे ती चारचाकी मालगाडी हो. नाही तर तुम्ही म्हणाल, नाना काय अंबारीत बसून येतात की काय.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. गुडघ्यांनी बेजार, त्यामुळे त्या मळा सोडून कुठे जात नाहीत. मला दोनदाच भेटलेल्या. पण अक्का मूळच्या आमच्या धुळ्याकडच्या. इथली बोली निराळी, 'मले-तुले, काय करून राह्यली' अशी. अक्का मात्र लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी 'आहे'ला 'शे' म्हणतात. "कशी शे बेटा?" असं पहिल्यांदा विचारलं ना त्यांनी, मी चहाचा कप खाली ठेवला आणि उगाच ओवीची वेणी सारखी करत बसले.

माझी आई 'शे' म्हणायची. बाप आधीच गेला होता, तिलाही जाऊन दोन वर्षं झाली. धुळ्याच्या घराला कुलूप आहे, भाऊ बंगळुरात. असो.

तर एप्रिलच्या मध्यावर ओवीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. मी मनात म्हटलं, झालं! कारण ओवी वर्गात तोंडच उघडत नाही, अशी तक्रार आधी दोनदा आली होती. घरी मी एकटीच इतकी बोलते की पोरीला पाळीच मिळत नाही, आणि आता ती माझ्यासारखीच एकलकोंडी होणार, ही माझी नेहमीची काळजी.

पण बाई म्हणाल्या, "तुम्ही फिजिक्सच्या ना? मुलांना क्वांटम कॉम्प्युटर समजावून सांगाल का? हल्ली पेपरात सारखं येतं. चौथीपर्यंतची मुलं आहेत, सोपं सांगा."

मी श्वास न घेता "हो" म्हटलं. का म्हणू नये? आठ महिन्यांत मला लोकांनी विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न होता, 'ताई, भेंडी देऊ की गवार?'

आता सराव कुणावर करायचा? आधी नवऱ्यावर केला. फोनवर.

"ऐका हं. साधा कॉम्प्युटर म्हणजे दिव्याची बटणं. चालू नाही तर बंद, एक नाही तर शून्य. क्वांटम कॉम्प्युटरमध्ये बटणाच्या जागी इतका बारीक कण असतो की तो एकाच वेळी चालू-बंद दोन्हींच्या मिश्रणात राहतो."

"हं."

"आणि मोजायला गेलं की मिश्रण मोडतं, दोन्हींपैकी एकच काहीतरी हाती लागतं. कुठलं, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. फक्त शक्यता सांगता येते. हीच ती अनिश्चितता!"

"हं. कुकर लावला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना गाठलं. ओवी जिन्याच्या पायरीवर दूध पीत बसली होती.

"नाना, चेंबरचं दार बंद आहे. आतली केळी कच्ची की पिकलेली?"

"कालच गॅस सोडला. कच्चीच हायेत."

"नाही, असं समजा की तुम्हाला माहीत नाही."

"मले माहीत नही असं कसं? चाळीस वर्षं झाली हेच करून राह्यलो मी."

आणि खरं सांगू? नाना बरोबर होते. केळी कच्ची तर कच्चीच असतात, दार बंद असो की उघडं. आपल्याला दिसत नाहीत एवढंच. मी म्हटलं, "हेच तर सांगायचंय! केळीचं ठरलेलं असतं, फक्त आपल्याला माहीत नसतं. पण त्या बारीक कणाचं तसं नाही. मोजेपर्यंत त्याचं त्यालाच ठरलेलं नसतं."

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"म्हणजे केळीलेच माहीत नही?"

"हो! केळीलाच माहीत नाही!"

मी त्यांच्या पायाच पडणार होते. आमच्या एका सरांना अख्ख्या वर्षात इतकं नेमकं बोलता आलं नव्हतं.

"अन् दार उघडून पाह्यलं तर?"

"तर संपलं. पाहिलं की त्याला एक काहीतरी व्हावंच लागतं. ते दोन्हीपण टिकत नाही. म्हणून ते यंत्र बंद, थंडगार जागी ठेवतात. बाहेरचा जरा धक्का लागला, जरा ऊब लागली, की सगळं बिघडलं."

"हे तर मी पोऱ्याहिले रोज सांगतो!" नाना एकदम खूश. "गॅस सोडला की दार उघडू नका रे! चार दिवस दम धरा. आतमंदी आपलं आपलं होऊ द्या!"

ओवी ऐकत होती. ओवी सगळं ऐकते.

आता ऐका माझा पराक्रम. मला वाटलं, मुलांना नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा एक कच्चं आणि एक पिकलेलं केळं दाखवावं, आणि तेही एकाच चेंबरमधलं. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी चेंबरवरची माणसं घरी गेल्यावर मी ओवीला घेऊन खाली उतरले. दारावर खडूनं मोठ्ठं लिहिलेलं, 'आज उघडू नये'.

मी उघडलं.

अहो, सकाळीच त्या माणसाला 'पाहिलं की बिघडतं' शिकवणारी मी! दार ओढलं, आत पाऊल टाकलं. अंधार, गारवा, आणि पंख्यांची एकसारखी घूंऽऽ. एक मिनिटात चार केळी घेऊन बाहेर यायचं होतं. पण काय झालं कोण जाणे, मी तिथेच उभी राहिले. त्या आवाजात बरं वाटत होतं. कुणीतरी घरात आहे आणि आपलं आपलं काम करतंय, अशा घरासारखं. ओवीनं बाहेरून दोनदा "आई, चल ना" म्हटलं तेव्हा भानावर आले. तीन मिनिटं तरी गेली असतील.

आणि बाहेर येऊन पाहते तर चारही केळी हिरवीगार! असणारच ना. गॅस कालच सोडलेला. एम.एस्सी. बाई शाळेत जाताना गाडीवरून पिकलेली दोन विकत घेऊन गेल्या.

भाषण मात्र छान झालं हो. मुलं केळीच्या गावातली, चेंबर सगळ्यांना माहीत. पुढचा भाग मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरून सांगितला. म्हटलं, "झोक्याला दोघींनी दोन बाजूंनी धक्के दिले आणि वेळ साधली, तर झोका कुठे जातो?" "वऽऽर!" "आणि वेळ चुकली तर?" "थांबतो!" "बस! क्वांटम कॉम्प्युटरमध्ये उत्तरांचे असेच झोके चालू असतात. चुकीच्या उत्तरांचे धक्के एकमेकांना मारतात, बरोबर उत्तराचा झोका चढत जातो."

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, पण दार उघडायचंच नाही, तर माल विकायचा कसा?"

पाहा! व्यापाऱ्याची लेक! मी म्हटलं, "शाब्बास. उघडायचं, पण शेवटी. झोके पुरते होऊ द्यायचे आणि मगच पाहायचं. तरीही कधी चुकीचं उत्तर निघतं, म्हणून तेच गणित पुन्हा पुन्हा करून बघतात. पण शेवटी दार हे उघडावंच लागतं. नुसतं बंद ठेवून बसलं तर त्या यंत्राचा काडीचा उपयोग नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

चार दिवसांनी सकाळी खालून नानांचा आवाज आला. फोनवर कुणाशी तरी बोलत होते, म्हणजे ओरडत होते. "अरे वरचा थर पिवळा, खालचा पिवळा, अन् मधला हिरवाच राह्यला ना भाऊ! काय मालूम कसं झालं!"

माझी पोळी तव्यावरच राहिली. काय मालूम कसं झालं? मला मालूम होतं ना! माझी तीन मिनिटं!

उतरून सांगायला हवं होतं. कळत होतं मला. पण पाय उचलेना. विचार करा, अख्ख्या गावात माझ्याशी रोज दोन वाक्यं बोलणारा एकच माणूस, आणि त्याच्याच मालाचा मी सत्यानाश केलेला.

आणि त्याच दुपारी फोन वाजला. अक्कांचा व्हॉइस मेसेज. अठ्ठेचाळीस सेकंद.

अक्कांनी मला आजवर कधी मेसेज पाठवला नव्हता. आखाजी चार दिवसांवर आलेली, आणि आजच का पाठवावा? नाना भिडस्त. पुरुष माणूस भाडेकरूच्या बाईला 'खोल्या रिकाम्या करा' कसं म्हणेल? बायकोकडूनच म्हणवून घेणार. आणि अठ्ठेचाळीस सेकंद! खुशाली विचारायला पाच सेकंद पुरतात. अठ्ठेचाळीस सेकंद लागतात ते हाकलायलाच.

मी अंगठा त्या मेसेजवर नेला आणि मागे घेतला.

कारण माझ्या डोक्यात शास्त्र जागं झालं होतं. ऐकला नाही तोवर अक्का रागावलेल्याही आहेत आणि नाहीतही. ऐकला की एकच काहीतरी होणार. आणि ते काय होणार हे काय मला कळत नव्हतं? खोल्या गेल्या तर दुसऱ्या मिळतील एक वेळ. पण त्या आवाजात, त्या 'शे'च्या बोलीत, मला 'निघ' ऐकायचं नव्हतं. मग दोन्हीपण टिकतंय तोवर टिकू दे की!

रात्री नवऱ्याला सांगितलं.

"अगं, ऐकून तर घे."

"तुम्हाला फिजिक्स कळत नाही."

"मला बँक कळते. नोटीस न वाचल्यानं नोटीस रद्द होत नाही."

"म्हणजे नोटीसच आहे ना? तुम्हालाही तेच वाटतंय ना?"

पलीकडून एक मोठा उसासा आला आणि मग, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवसापासून मी लपायला सुरुवात केली. आठ वाजता छोट्या हत्तीचा आवाज आला की पडदे बंद, पंखा बंद, कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. अहो, शिट्टी वाजली तर कळेल ना मी घरात आहे! आता मी घरात नसले तर कुठे असणार, हा प्रश्न मला पडला नाही. ओवीला शाळेच्या रिक्षात बसवायला मात्र खाली जावंच लागायचं, म्हणून ते काम ओवीवरच सोडलं. "तूच जा खाली. मोठी झालीस आता."

ती दुपारी शाळेतून आली की सुरुवात करायची, "आई, नाना म्हणत होते..."

"काही सांगू नकोस."

"अगं पण ते म्हणाले..."

"ओवी! मला काही ऐकायचं नाही. आईचं डोकं दुखतंय."

मग ती गप्प बसायची. आणि मी पुन्हा काळजी करायची, की पोरगी बोलत का नाही.

एकदाच जेवताना तिनं विचारलं, "आई, माझ्या वर्गातल्या सगळ्या आखाजीला मामाकडे जाणारेत. आपल्याला न्यायला कोण येणार?"

इकडे चाल आहे तशी. आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस येतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ, बाप, कुणीतरी. आमची धुळ्याला बदली व्हायच्या आधी माझा बाप येऊन दारात उभा राहायचा तेव्हा त्याच्या पिशवीत आईनं दिलेला खाऊ असायचा, आणि तो म्हणायचा, "चाल वो माय, गाडी चुकी जाई." गाडी कधीच चुकली नाही, पण म्हणायचा खरा.

"बघू," मी म्हटलं. "वरण घे अजून."

तिसऱ्या दिवशी मी आवराआवर सुरू केली. काढणारच आहेत, तर निदान ऐनवेळी तारांबळ नको! समोरच्या बागेपलीकडे केळी भरायची शेड आहे. तिथून रिकामी खोकी आणली. डबे एका खोक्यात, ताटल्या एका, स्वेटर एका. यांच्या फायली, ओवीची खेळणी, माझी फिजिक्सची पुस्तकं. पुस्तकांचं खोकं सगळ्यात जड. उचलताना कंबरेत लचक भरली. ज्ञानाचं ओझं म्हणतात ते हेच असावं.

संध्याकाळपर्यंत घरभर खोकी. सगळ्यांवर केळीच्या घडाचं चित्र. आमचं बिऱ्हाड आता उत्तरेला निर्यात होणार, असं वाटत होतं.

आखाजीचा दिवस उजाडला. गाव पहाटेपासून गजबजलेलं. रस्त्यानं लेकी येतायत, लेकी जातायत, रिक्षातून हसण्याचे आवाज. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. आणि आठच्या ठोक्याला छोटा हत्ती आला.

इंजिन बंद झालं. आणि आज जिन्यावर पावलं वाजली. एक... दोन... चौदा पायऱ्या आहेत आमच्या, त्या चौदाही मी मोजल्या.

टकटक.

मी ओवीकडे पाहिलं. ओवी आनंदानं उड्या मारत होती. नवा फ्रॉक कधी घातला हिनं?

दार उघडलं. नाना! परीटघडीचे कपडे, कोरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. खोली रिकामी करायला सांगायला माणूस इतका सजून येतो?

ते शांतपणे म्हणाले, "चार दिवस झाले पोरी. आता दार उघडलं तं चालते ना?"

दार! मला वाटलं, टोमणा मारला. सगळं कळलंय यांना. आणि माझा बांधच फुटला.

"नाना, मीच उघडलं होतं दार! खडूनं लिहिलेलं वाचून उघडलं! एकच मिनिट म्हणून गेले आणि तीन मिनिटं उभी राहिले, माझ्यामुळेच मधला थर हिरवा राहिला, मी सांगणार होते पण भीती वाटली, आणि आम्ही आजच जातो, सामान भरलंय, फक्त गॅसची शेगडी राहिलीय, ती थंड व्हायचीय!"

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मग खोक्यांकडे पाहत राहिले.

"काय सांगून राह्यली व तू? मधला थर हिरवा राह्यला कारण तिकडचा पंखा जळला होता. मिस्त्री येऊन बदलूनबी गेला."

"पंखा?"

"पंखा. अन् तीन मिनिटानं काय होते?" नानांनी मागे जिन्याकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "मीच रोज एकडाव डोकावतो. चाळीस वर्षं झाली, मलेच राह्यवत नही. पोऱ्याहिले सांगजो नको."

"मग... अक्कांचा मेसेज?"

"त्यात काय? अक्कानं सांगलं ना सगळं."

"मी ऐकला नाही."

"काहून?"

आता यावर काय उत्तर द्यावं सांगा! मी मान खाली घालून, जे होतं ते सांगितलं. "ऐकेपर्यंत अक्का रागावलेल्याही होत्या आणि नव्हत्याही, नाना."

नानांनी कोरी टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी परत घातली.

"अक्का काय तुह्या क्वांटममधली केळी हाये? तिले तं माहीत होतं ना व!"

दार धरून उभी राहिले मी. शंभर पोरांना हाच फरक शिकवून आले होते. एक असतं खरोखर न ठरलेलं, आणि एक असतं ठरलेलं, पण आपणच डोळे मिटून न पाहिलेलं. मेसेज तर चार दिवसांपूर्वीच ठरला होता. त्यात एक कण अनिश्चितता नव्हती. जी होती ती सगळी माझ्या डोक्यात, आणि ती मी पडदे लावून, शिट्टी काढून, थंड जागी जपून ठेवली होती.

तिथेच उंबऱ्यात बसून मेसेज लावला.

"बेटा, मी अक्का बोली ऱ्हायनी. आखाजी ई ऱ्हायनी. तुनी माय नही, भाऊ दूर शे, माले बठ्ठं माहीत शे. आते मना घर ये. नानाले मुऱ्हाळी म्हणीसन धाडस. पोरसाठे झोका बांधेल शे. दोन दिन ऱ्हाय. नही म्हणू नको बेटा, मी वाट दखस..."

'निघ' कुठलं, 'माझ्या घरी ये, नानांना मुऱ्हाळी म्हणून धाडते, वाट पाहते' होतं ते! इथे सव्वीस सेकंद झाले. उरलेले बावीस सेकंद काय होतं माहितेय? कोंबड्या. आणि अक्कांचा आवाज, "आते हाई बंद कसं करतस वो? लाल बटण कोठे शे? अय, कोणी शे का तठे?"

मी हसत होते की रडत होते, हे त्या क्षणी कुणी मोजायला आलं असतं तर काय निघालं असतं, सांगता येत नाही.

नाना पिशवी पुढे करत म्हणाले, "खाऊ दिला अक्कानं. चाल आता. अन् ते खोके राहू दे. माहेरी जातांना भांडे-कुंडे नही नेत व कोन्ही."

छोट्या हत्तीत पुढे तिघं बसलो. मळ्यात कडुनिंबाला झोका. अक्का खाटेवर. मी वाकून पाया पडले तर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एवढंच म्हणाल्या, "कितली सुकी गयी वो!" मग आखाजीला माहेरी आलेल्या नानांच्या दोन्ही लेकींनी मला झोक्यावर बसवलं आणि दोन बाजूंनी ढकलायला लागल्या. आधी त्यांची वेळ जुळेना, झोका मध्येच अडखळायचा. मग जुळली. काय सांगू, निंबाच्या फांदीपर्यंत गेले मी! उतरले तेव्हा ओवी पुढच्या पाळीसाठी उभी होती, आणि नानांच्या नातींशी अखंड बडबडत होती. अखंड! वर्गात तोंड न उघडणारी माझी पोर!

तिला बाजूला घेतलं. एक गोष्ट मला अजून उलगडत नव्हती. नाना चार दिवस रोज खाली येत होते. मेसेजला उत्तर नाही, बाई दिसत नाही, मग एकदाही वर येऊन दार का नाही वाजवलं त्यांनी?

"ओवी, तुला माहीत होतं ना आपण इथे येणार ते?"

"हो. पहिल्याच दिवशी सांगितलं नानांनी. मी तुला सांगत होते तर तू ऐकतच नव्हतीस."

"मग नाना वर का नाही आले गं मला सांगायला?"

ओवीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भाषणात त्या सगळ्या मुलांकडे पाहिलं होतं, आणि म्हणाली, "ते येत होते. पण मीच नको म्हटलं. मी सांगितलं, आई आत पिकतेय, चार दिवस दार उघडू नका."